तोंड फिरवून बोललेलं

तंजावूर, मेल वीधी
१६ जून २०२५, सोमवार

ती. चंद्रमती अक्कास चिदंबरचा नमस्कार.

अकरा वर्षांनी पत्र आलं म्हणून घाबरू नकोस. कोणाचं काही झालेलं नाही. राजम बरी आहे, मी बरा आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण तूही माझ्यासारखीच, पाकीट फोडायच्या आधी वाईट विचार करणारी. आणि हे पाकीटही नाही. कॉम्प्युटरमधून तुझ्या रम्याकडे जाईल आणि ती तुला कागदावर छापून देईल, असं तिनं राजमला फोनवर कबूल केलंय. पत्ता बरोबर असला म्हणजे मिळवली. सुब्रमण्यमनं तीनदा तपासला. मला चौथ्यांदा तपासावासा वाटतो, पण तो चिडतो.

सुब्रमण्यम तुला आठवेल. कोपऱ्यावरच्या टायपिंग इन्स्टिट्यूटवाल्यांचा मुलगा. त्याच्या वडिलांच्या हाताखाली तू टायपिंग शिकलीस आणि मी दुसऱ्या दिवशीच पळून आलो. आता तोही सत्तरीचा झाला. टाइपरायटर सगळे भंगारात गेले. त्या जागी एक कॉम्प्युटर ठेवलाय आणि आमच्यासारख्या म्हाताऱ्यांना त्याच्याशी बोलायला शिकवतो. हात लावायचा नाही, नुसतं बोलायचं. ते ऐकतं आणि लिहितं. माझा दुसरा आठवडा आहे. शिकवायची रीत मात्र त्याच्या वडिलांचीच, धडा पहिला, धडा दुसरा, आणि चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. कालपासून त्यानं तो आमच्याच घरी आणून ठेवलाय, सराव व्हावा म्हणून.

तू विचारशील की हातानं का लिहीत नाही. उजव्या हाताला जरा मुरगळ आहे. नळाशी घसरलो. दुसरं काही नाही.

आपण दोघं पूर्वी तमिळ अक्षरात मराठी लिहायचो. पण ह्याच्या यादीत मराठी निघालं तेव्हा मला राहवलं नाही. तुझ्याशी तमिळ कधी बोललोच नाही, आता काय बोलणार. ह्याला आपली इथली भाषा मात्र कळत नाही, पुण्याची कळते. म्हणून मी तुझ्या सासरच्या माणसांसारखं बोलतोय, सरावासाठी राजमशीही तसंच आणि तीही माझ्याशी, हसू नकोस. समोर अक्षरं उमटतात ती नागरी. दोरीवर धुणं वाळत घातल्यासारखी दिसतात. मला त्यातलं एकही वाचता येत नाही, राजमला नाही, सुब्रमण्यमला तर नाहीच. काय लिहिलं जातंय ते आता देवाला आणि तुला ठाऊक.

मध्येच राजमशी बोलायचं झालं तर मी तोंड फिरवतो आणि अंगवस्त्र ओठांवर धरतो. कॉलेजात बत्तीस वर्षं अटेंडर होतो, प्रिन्सिपॉलच्या समोर उभा राहून मी असाच बोलायचो आणि एकदाही त्यांना ऐकू गेलं नाही. ह्यालाही जात नसणार.

अगे राजम, गोळी मग दे. पत्र चाललंय.

मग कशाला? झटका काय पत्र संपायची वाट बघत बसेल?

हळू बोल. झटक्याचं तिला कळवलेलं नाही. मुरगळ म्हणून सांगितलंय.

मार्चपासून चमच्यानं भरवतेय मी, आणि म्हणे मुरगळ. तोंड उघडा.

हं. अक्का, कुठे होतो मी? हां, लिहायचं कारण. आईची तिथी यंदा सहा ऑगस्टला येते, बुधवारी. ये असं म्हणायचा मला हक्क नाही. नुसता दिवस कळवतो. तुझे गुडघे कसे आहेत? पुण्यात पाऊस असेल, जिन्यावर जपून.

चिदंबर

पाठवा. पाठवा हो. ऐकत नाही हे. सुब्रमण्यम म्हणतो विनवण्या करायच्या नाहीत, हुकूम द्यायचा. पाठव.


तंजावूर
२४ जून २०२५, मंगळवार

ती. अक्कास नमस्कार.

तुझं काही उत्तर नाही. येईल असं धरलंही नव्हतं, तरी राजमला दिवसातून चारदा विचारतो की रम्याचा फोन होता का. पत्र पोचलं का एवढं कळलं असतं तरी पुरे होतं. पुण्यात दुसरी एखादी रम्या असेल आणि ती वाचत बसली असेल, असंही मनात येतं.

माझा सहावा धडा चाललाय. जागा हो म्हटलं की ऐकू लागतं. झोप म्हटलं की थांबतं. पत्र उघड, खाली जा, पुसून टाक. माझं घोडं एकाच ठिकाणी अडतं. मी जन्मात कोणाला हुकूम दिलेला नाही. घंटा वाजव म्हटलं की वाजवली, पाणी आण म्हटलं की आणलं. आता ह्या वयात जागा हो म्हणायचं म्हणजे जीभ अडखळते, आणि तेवढ्यात ते दुसरंच काही उघडून बसतं. काल आठवडाभराचा सगळा सराव पुसला गेला. सुब्रमण्यम म्हणाला, चिदंबर, तू त्याला नमस्कार घालतोस आणि मग कान धरतोस, त्यानं करायचं काय. झोप असं म्हणायला तर मला लाजच वाटते. बिचारं काम करत असतं. म्हणून मी त्याला झोपवत नाही, नुसतं तोंड फिरवतो.

मेट्टूर धरणाचं पाणी आलं. पुदु आरु कालवा काठोकाठ भरून वाहतोय. राजम मला हाताला धरून पुलापर्यंत नेऊन आणते. म्हणजे मुरगळीमुळे तोल जातो, म्हणून धरते.

एक अडचण आहे, ती तुझ्या कानावर घालतो. तिथीचं पाणी उजव्या हातानंच सोडायचं असतं, आणि माझा उजवा हात उचलत नाही. डाव्यानं चालणार नाही असं वाध्यार भटजी म्हणतो. पण घरच्या कोणी खालून हात धरून उचलला तर चालेल म्हणाला. राजम धरीन म्हणते. मला दुसरंच काही वाटतं, पण ते राहू दे.

अक्का, तू त्या वेळी जे बोलून गेलीस त्याचा मला राग नाही. आईच्या तेराव्याला पानावरून उठून गेलीस, त्याचाही नाही. मी तेव्हा सांगितलं तेच आजही सांगतो. डॉक्टर आशा नाही म्हणाले त्या दिवसापासून मी फोन लावत होतो, लाईनच लागली नाही. ज्या दिवशी लागली त्या दिवशी सगळं संपलं होतं. ह्याहून जास्त माझ्यापाशी सांगण्यासारखं नाही.

अहो, पुन्हा तेच सांगताय तिला?

मग काय सांगू?

खरं ते सांगा. माझ्याजवळ बोललात ना? फोन केलाच नव्हता म्हणून.

अकरा वर्षांनी आता ते कशाला? ती येणार असेल तीही येणार नाही.

नाहीतरी येत नाहीच आहेत. मोठ्या बहिणीशी खोटं बोलून आईला पाणी सोडणार, त्या पाण्याचं काय व्हायचं?

तू आत जा. चटणी लागत असेल खाली.

हं. अक्का, राजम नमस्कार सांगते. तू डोळ्यांत औषध घालतेस का? रम्याला म्हणावं अक्षरं मोठी छाप.

चिदंबर

पाठवा. नाही. पाठव.


तंजावूर
४ जुलै २०२५, शुक्रवार

ती. अक्कास नमस्कार.

तुझं पत्र आलं. बुधवारी आलं. समोर उघडून ठेवलंय. नऊ ओळी आहेत.

मी नागरीत पाठवलं म्हणून तूही नागरीत पाठवलंस. तुझं बरोबर आहे. तुला कसं ठाऊक असणार की लिहिणाऱ्यालाच वाचता येत नाही. तसं पहिल्या पत्रात मी सांगितलं होतं, पण तू ते थट्टेवारी घेतलं असशील.

हा कॉम्प्युटर नुसता ऐकतो, बोलत नाही. त्याला वाचून दाखवता येतं, पण आवाजाचा डबा जळालाय. सुब्रमण्यम रविवारी तिरुचीला जाईल तेव्हा नवा आणील. वाध्यारला नागरी येतं, पण त्याला दाखवलं तर संध्याकाळच्या आत चारही वीधींतल्या घराघरांत कळेल. रम्याला फोन करून वाच म्हणता आलं असतं. राजमनं नंबर लावून फोन माझ्या कानाला धरलासुद्धा. वाजायच्या आधीच मी बंद कर म्हणालो. तू शेजारी बसलेली असशील आणि फोन तूच घेशील, असं मनात आलं. फोन घेऊन तुझ्याशी काय बोलायचं हे मला तेव्हाही सुचलं नव्हतं.

म्हणून तीन दिवस नुसता बघत बसलोय. तिसऱ्या ओळीत एक आखूड शब्द आहे आणि तोच पुन्हा शेवटच्या ओळीत आहे. तो नाही असेल का? दोनदा लिहिलाय म्हणजे नाहीच असणार. राजम म्हणते, नाही म्हणायला कोणी नऊ ओळी लिहितं का. तिला तुझा स्वभाव ठाऊक नाही.

अहो, जेवून घ्या आधी. कालपासून अन्नावर वासना नाही तुमची.

येतो. तिला मात्र हे कळायला नको. म्हणेल सत्तरी उलटली तरी ह्याचं रडणं संपलं नाही.

बरं अक्का. रविवारपर्यंत धीर धर. म्हणजे मी धरतो.

चिदंबर

पाठव.


तंजावूर
७ जुलै २०२५, सोमवार

अक्का,

आवाजाचा डबा आला. काल संध्याकाळी सुब्रमण्यमनं जोडला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, घरचं पत्र आहे, मी येतो. तो गेला. राजम आणि मी खुर्च्या जोडून बसलो. मी म्हणालो, वाच.

कोण्या परक्या बाईचा आवाज निघाला, रेल्वे स्टेशनवर गाड्या सांगतात तसा. त्या आवाजात तू म्हणालीस: 'चिदंबर, तुझी दोन्ही पत्रं मिळाली. राजम बोलली तेही मिळालं. झटका आला तर झटका आला म्हण. गोळ्या वेळेवर घे, तिच्याशी वाद घालू नकोस. तू फोन केला नव्हतास हे मला अकरा वर्षं ठाऊक आहे. का केला नाहीस ते ठाऊक नाही. ते तोंड न फिरवता सांग. मग यायचं की नाही ते बघते.'

मला आधी काही समजेना. राजमला समजलं. तिनं माझी जुनी पत्रं एकेक करून वाचायला लावली, आणि त्या बाईनं सगळं वाचलं. गोळी, चमचा, मुरगळ, चटणी. राजम पदर तोंडात धरून हसत होती. मग दुसऱ्या पत्रातलं ते आलं आणि हसायची थांबली. बत्तीस वर्षं मी समजत होतो की तोंड फिरवलं की साहेबांना ऐकू जात नाही. आता वाटतं, सगळ्यांना ऐकू जात असेल. चांगली माणसं होती, म्हणून बोलली नाहीत.

काल रात्री झोप आली नाही. आज सकाळी आंघोळ केली, कॉफी घेतली आणि बसलोय. हात मांडीवर आहे. तोंड समोर आहे.

अक्का, मार्चच्या नऊ तारखेला मला झटका आला. उजवा हात गेला, पाय थोडा. बोलणं राहिलं, ही मोठी कृपा.

आता ते.

आई सहा वर्षं अंथरुणाला होती. तू वर्षातून एकदा यायचीस, पंधरा दिवस राहायचीस. तेवढ्या दिवसांत ती जेवायची, हसायची, तुझा हात सोडायची नाही. तुझ्यावर आळ नाही हा. तू गेलीस की मी. न्हाऊ घालणं, केस विंचरणं, भात कालवून भरवणं. कॉलेजातून दुपारी सायकलवर येऊन तिची कूस बदलून जायचो. हे मी आनंदानं केलं, खोटं सांगत नाही. पण शेवटच्या वर्षात तिला माणसं ओळखू येईनात. आणि मग प्रत्येक जण चंद्रा झाला. राजमला चंद्रा, दूधवालीला चंद्रा, डॉक्टरांना चंद्रा. मी घास पुढे केला की म्हणायची, चंद्रा, तू जेवलीस का?

गुरुवारी सकाळी डॉक्टर म्हणाले, कोणाला बोलवायचं असेल तर आजच बोलवा. मी ओट्यावर येऊन बसलो. फोन हातात होता. तुझा नंबर मला तोंडपाठ होता, आजही आहे. तू दुपारचं विमान धरलं असतंस तर संध्याकाळी चेन्नई, सकाळी घरी. मी हिशेब केला होता. आणि मग असं मनात आलं की अक्का आली की आई तिच्याकडेच बघत जाईल. दोन दिवस उरलेत. त्या दोन दिवसांत एकदा, एकदाच, तिनं मला चिदंबर म्हणावं. नंतर अक्काला बोलवू. दुपारी बोलवू. संध्याकाळी बोलवू.

एवढंच होतं, अक्का. लाईन नव्हती असं नाही. हेवा होता. साठ वर्षांच्या माणसाला बहिणीचा हेवा, आईपायी. हे कोणाला सांगायचं? तुला तर कसं सांगायचं?

शुक्रवारी दुपारी दोनच्या पुढे तिचा श्वास बदलला. राजम तुळशीचं पाणी आणायला आत गेली होती. आईनं डोळे उघडले आणि विचारलं, 'चंद्रा आली का?' शब्द स्पष्ट होते, गेल्या कित्येक महिन्यांत नव्हते इतके.

मी तिचा मुलगा आहे, चिदंबर आहे, हे ओठांवर आलं होतं. सहा वर्षं आलेलं होतं. पण तिच्या तोंडाकडे बघून मला ते बोलता येईना. मी म्हणालो, 'आले आई.' बाईसारखं म्हणालो. आणि माझा उजवा हात तिच्या हातात दिला. तिनं तो चाचपला. नखं, मनगट. मग म्हणाली, किती वाळलीस गे. आणि घट्ट धरला. पावणेतीनला सुटला.

चारला मी तुला फोन केला. पहिल्या घंटेला तू उचललास.

तुझी जागा मी चोरली हे खरं आहे. त्याला क्षमा मागायची तर कोणत्या तोंडानं मागू. पण अक्का, एक गोष्ट तुझी आहे आणि ती माझ्याकडे राहिली होती, ती आज परत देतो. तू तिथे नव्हतीस असं आईला वाटलेलं नाही. तिच्या लेखी तू आलीस, तिच्या उशाशी बसलीस आणि तुझा हात धरून ती गेली. अकरा वर्षं तू हे न कळता काढलीस. माझ्या भित्रेपणामुळे.

तो हात आता हलत नाही. राजम म्हणते औषधानं येईल, डॉक्टर काही म्हणत नाहीत. वाध्यार म्हणाला ना, घरच्या कोणी खालून धरला तर चालेल. मला दुसरंच वाटतं असं त्या दिवशी म्हणालो, ते हे होतं. तो हात तुझा म्हणून तिनं धरला होता. पाणी सोडताना तो तू धरावास. वाध्यारला मी विचारलं, बहिणीनं धरला तर? जरा कुरकुरला, मग म्हणाला, आईला कोणता हात ते कळतं, शास्त्राला आपण समजावू.

नाही आलीस तर राजम धरील. मी रागावणार नाही. खोटं, वाईट वाटेल. पण तुझा हक्क आहे.

एवढंच. सकाळपासून हे तिसऱ्यांदा बोललोय. दोनदा पुसून टाक म्हणालो आणि त्यानं मुकाट्यानं पुसलं. हा हुकूम मला आता चांगला जमतो. ह्या खेपेला म्हणत नाही.

राजम, खुर्ची जवळ घे. अशी समोर बस, तोंड इकडे कर. अक्काला काही सांगायचंय का?

मी काय सांगणार? या म्हणावं. डांगर पच्चडी करीन, तुम्हाला आवडते तशी, हिंग जास्त घालून. आणि ह्यांचं वजन उतरलंय. बघून दचकू नका.

हे कशाला सांगायचं?

ऐकू देत.

बरं. ऐकू दे.

तुझा धाकटा,
चिदंबर

पाठव.